जोडव्याचं बोट आणि भीमेची वाळू

प्रिय तारा आणि ईशान,

गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही दोघांनी मला एकाच वेळी, एकमेकांचा आवाज दाबत, दोन प्रश्न विचारले. ताराचा प्रश्न शाळेतला होता. विद्यापीठातल्या कुणी ताई तुमच्या वर्गात आल्या होत्या. तुमच्या मेलबर्नच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत असे जिवाणू सापडतात की ज्यांच्यावर आपली औषधं चालत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. "आजी, तुमच्याकडे समुद्र नाही, म्हणजे तुम्ही सेफ ना?" ईशानचा प्रश्न त्याहून गंभीर होता. डिसेंबरात आल्यावर, बाबा जिथे पोहायला शिकला त्या नदीच्या वाळूत किल्ला करता येईल का?

मी दोघांनाही "बघून सांगते" म्हटलं. तुमच्या बाबाला विचारा, आजी "बघून सांगते" म्हणाली की खरंच जाऊन बघते. पण त्याच आठवड्यात निघायचं कारण तुम्ही नव्हतात. रागावू नका. कारण होतं कमलआजीच्या पायाचं बोट.

कमलआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. ती दौंड तालुक्यात खुटबावला राहते. ती मला वहिनी म्हणते, मी तिला वन्सं म्हणते, आणि पन्नास वर्षं आम्ही एकमेकींना अहोजाहो करत भांडत आलो आहोत. दोन दिवसांसाठी म्हणून मी दोन साड्या, एक टॉवेल, माझ्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आणि करायच्या गोष्टींची यादी घेऊन निघाले. परत आले ती सोळाव्या दिवशी, सुरेखाची साडी नेसून. आता क्रमाने सांगते. अवघड शब्द बाबाला विचारा.

शुक्रवार : खुटबाव

गाडीबद्दल सांगण्यासारखं एवढंच की मला खिडकी मिळाली नाही. खुटबावला उतरलं की आधी वास येतो, गुऱ्हाळाचा. उसाच्या रसाचा गूळ करतात ती जागा म्हणजे गुऱ्हाळ. या दिवसांत सगळा गाव जणू कुणीतरी पाकात बुडवून वाळत घातल्यासारखा असतो. तुमच्याकडे थंडी पडली की लोक घरात जातात. इकडे थंडी पडली की लोक उसात जातात.

वन्सं ओसरीवर बसल्या होत्या, डावा पाय समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. पाहुण्यांसाठी असलेली ती एकच चांगली खुर्ची, आणि तिच्यावर पाहुणा म्हणून पाय. अंगठ्याशेजारचं बोट वांग्याच्या रंगाचं झालं होतं आणि आकारानेही त्याच वाटेवर होतं. त्या बोटात चांदीचं जोडवं रुतून बसलं होतं. लग्न झालेल्या बायका आपल्याकडे पायाच्या बोटात घालतात ती ही अंगठी. नवरा आहे तोवर ती काढायची नाही, असा रिवाज.

"हे काय करून घेतलंत?" मी विचारलं.

"काय न्हाई वो. वडगाव रासाईला दहाव्याला गेल्ते. वाळूत खापर लागलं. येवढंसं."

"कधी?"

"झालं की पाच-सा आठवडं."

वन्संना मधुमेह आहे. मधुमेही माणसाच्या पायाला पाच-सहा आठवडे बरी न होणारी जखम म्हणजे काय, हे मी तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं असल्यामुळे मला ठाऊक होतं. मी विचारलं, औषध काय घेतलं?

वन्संनी सून सुरेखाला हाक मारली. "डबा आन गं माझा."

हा डबा बघण्यासारखा आहे. मूळचा दिवाळीच्या मिठाईचा, पत्र्याचा, झाकणावर मोर. आत गोळ्यांची अर्धी-मुर्धी पाकिटं. कुणाला चार गोळ्यांत बरं वाटलं की उरलेल्या सहा या डब्यात येतात. "टाकायच्या कशाला? लक्ष्मी हाय ती." मग गल्लीतल्या कुणाचा घसा दुखला, पोर तापलं, की बायका वाटी घेऊन विरजण मागायला यावं तशा येतात आणि वन्सं दोन-दोन गोळ्या वाटतात. रंगावरून. लाल-पिवळी घशाची, पांढरी लांबट पोटाची.

स्वतःच्या पायाला त्यांनी क्रमाने पुढील उपचार केले होते. सुरेखाच्या घशाच्या तीन गोळ्या. शेजारणीच्या दातदुखीतून उरलेल्या पाच. एका कंपाउंडरकडून एक इंजेक्शन. आणि शेवटी...

"मामी, सांगू का?" सुरेखा पदरात हसत म्हणाली. "गाईच्या सडात सोडायची ट्यूब असती ना, कासेला सूज आल्यावर? ती पिळली आईंनी बोटावर."

"गाय बरी झाली का न्हाई तिच्यानं?" वन्सं म्हणाल्या. "मंग? गाईला चालतं आन् मला न्हाई व्हय?"

गावाजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे असंच चाललं तर बोट काढावं लागेल. वन्संनी त्यांच्याकडे जाणंच बंद केलं होतं. बोटाची त्यांना एवढी फिकीर नव्हती. जोडव्याची होती. बोट गेलं तर जोडवं कशात घालायचं? आणि नवरा जिवंत असताना जोडव्याविना हिंडायचं कसं?

त्यांचे यजमान आप्पा खांबाला टेकून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "म्हंजी मी हाय का गेलो, हे तुझ्या बोटावरनं ठरनार व्हय गं?"

"तुम्ही गप बसा. तुमच्यासाठीच चाललंय समदं."

जेवायला शेंगोळी होती, हुलग्याच्या पिठाची, लसणाच्या रश्श्यात शिजवलेली. तुमच्या पास्त्याची ही आजी शोभेल. जेवताना मी वन्संना समजावलं. अँटिबायोटिकच्या चार गोळ्या खाऊन थांबणं म्हणजे जंतूंची तालीम चालवणं. दुबळे मरतात, दांडगे उरतात. आणि दांडगे नुसते उरत नाहीत, औषध कसं चुकवायचं ती युक्ती ते शेजारच्या जंतूंनाही देतात, तुम्ही विरजण देता ना, तशी.

वन्संनी शांतपणे ऐकलं. "वहिनी, तुमचे जंतू लई गुणाचे दिसत्यात. आमची शेजारीन मागून नेल्यालं विरजणाचं भांडंसुदिक परत देत न्हाई."

शनिवार : वडगाव रासाईची वाळू

माझ्या यादीतलं दुसरं नाव नसीमाचं होतं. नसीमा माझी विद्यार्थिनी. चार पिढ्या शिरूरात राहिलेलं त्यांचं घर. नवरा रांजणगावच्या एका कंपनीत पाळीवर जातो, आणि ती शिरूरच्या एका हॉस्पिटलात जंतूंच्या तपासणीचं काम बघते. सुट्टीच्या दिवशी मात्र तिला दुसरं वेड. पीएच.डी.साठी ती भीमेच्या वाळूतले जिवाणू गोळा करते. तारा, तुमच्या वर्गात आलेल्या ताईंचं इकडचं रूप समज, फक्त हिच्या गाडीच्या डिकीत नमुन्यांच्या बाटल्यांशेजारी कोथिंबिरीची जुडी असते.

ती सकाळी आली. कापसाची काडी जखमेत फिरवून तिने नळीत बंद केली, वर नाव लिहिलं आणि म्हणाली, "आता दोन-तीन दिवस हे वाढू द्यायचं. मग कुठल्या औषधाला मरतात ते बघायचं. तोपर्यंत डबा बंद, मावशी."

"आन् गाईची ट्यूब?"

"ती गाईला."

नसीमाला पुढे वडगाव रासाईला वाळू घ्यायची होती. मी जाणारच होते, ईशानचा किल्ला डोक्यात होता. वन्सं म्हणाल्या, "मीबी येते. खापर कुठं लागलं ते दावते." खापर बघून काय करायचं होतं कोण जाणे, पण वन्संना घरात ठेवणं हे कुणाला जमलेलं नाही. त्या गाडीतून उतरणार नाहीत, या बोलीवर नेलं.

नदीचा पट्टा आता तुमच्या बाबाच्या वेळचा राहिलेला नाही. तो पोहायला शिकला तेव्हा पाण्यापर्यंत पळत जाताना तळवे भाजत, एवढी वाळू होती. पुढे घरं बांधायला ती ट्रॅक्टर भरभरून गेली. आज वाळू उरली आहे ती दहाव्याच्या जागेपुरती. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी तिथे विधी होतो, आणि तसल्या जागेची वाळू घराच्या भिंतीत घालायला ट्रॅक्टरवालेही कचरतात. जे कायद्याला जमलं नाही ते कावळ्यांनी राखलं.

नसीमाने हातमोजे घातले आणि वीतभर खणलं. वरची वाळू उन्हाने तापते, म्हणाली, खालच्या ओलीत हे मजेत असतात. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते; चिठ्ठ्या लावण्यात मला कुणी हरवू शकत नाही. तेवढ्यात हातात दाताळं घेतलेले एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना सगळे आबाच म्हणतात. विधी झाला की मागची वाळू विंचरून खापरं, काचा उचलायचं काम ते वर्षानुवर्षं, कुणी न सांगता करतात.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "वळखलं न्हाई का ताई? तुमच्या मालकांचा दहावा हितंच झाला. सा वर्सं झाली. मी व्हतो की."

मी ओळखलं नव्हतं. तसं सांगितलं.

"तुम्ही न्हाई वळखलं तरी मी तुमची रोज आठवन काढतो," आबा नसीमाकडे वळले. "गेल्याल्या मानसाचं औषध दुसऱ्यानं खाऊ ने, म्हनून लोकं हितं नदीत सोडत्यात. चष्मा, काठी, तसं औषधबी. पर पाकिटंच्या पाकिटं फेकत्यात. त्यो चांदीवानी कागद वाळूत रुततो आन् पोरांच्या पायात जातो. ह्या ताईंनी काय केलं म्हाईत हाय? हितं दगडावर बसून येक-येक गोळी सोलली. गोळ्या पान्यात सोडल्या आन् कागद घडी करून पर्समंदी ठिवला. लई टापटीप!"

मला ते आठवलं. पूर्ण आठवलं. तुमच्या आजोबांना न्यूमोनिया झाला होता आणि बरीच औषधं उरली होती, त्यांत अँटिबायोटिकं तीन तऱ्हांची. मी यादी करून पिशवी भरली होती. यादीप्रमाणे एक पाकीट कमी भरलं म्हणून माझी दुकानदारावर चिडचिडही झाली होती.

आबा थांबले नव्हते. "तवापास्नं मी समद्यांना सांगतो. पुन्याच्या शिकल्याल्या बाई, त्यांनी कसं केलं? गोळ्या नदीला, कागद घरला! आता ह्या पट्ट्यातली समदी गावं सोलूनच टाकत्यात बगा. कागद म्हनून दिसायचा न्हाई तुम्हाला."

मुलांनो, तीस वर्षं मी वर्गात शिकवलं. त्यातलं कुणाच्या किती लक्षात राहिलं, देव जाणे. एक धडा मात्र असा वठला की गावंच्या गावं तो गिरवत होती.

नसीमा बाटलीचं बूच लावत होती. बराच वेळ लावत होती. मग म्हणाली, "मॅडम, प्रॅक्टिकलला जंतू मारण्यासाठी तारेचा लूप ज्योतीत धरायला विसरले होते, तेव्हा तुम्ही मला शून्य दिलं होतं. आठवतं?"

"आठवतं."

"नाही, सहज विचारलं."

गाडीची काच खाली करून वन्सं सगळं ऐकत होत्या. त्यांचं हसणं नदीच्या पलीकडे गेलं असेल.

परतताना मी नसीमाला विचारलं, खरं सांग. ती म्हणाली, "एवढं श्रेय घेऊ नका. वरच्या शहरांचं सांडपाणी याच नदीला येतं, कोंबड्यांच्या शेडचं खत येतं, गावागावाच्या मोऱ्या येतात. एका पिशवीने भीमा बिघडत नाही."

"पण हातभार?"

"हातभार लागला," ती म्हणाली. ती माझी चांगली विद्यार्थिनी होती.

मंगळवार : शिरूर

जखमेतले जंतू वाढले होते. नसीमाने बंद झाकणाची काचेची थाळी समोर धरली. पिवळट जेलीवर जंतूंचा सायीसारखा थर आणि त्यावर बटणाएवढ्या सात पांढऱ्या चकत्या. प्रत्येक चकतीत वेगळं औषध. औषध चाललं तर चकतीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल कडं दिसतं. नाही चाललं तर साय थेट चकतीला टेकते.

वन्संनी चष्मा लावून बघितलं. "हळदीकुंकवाला सात जनी बसल्यावानी दिसत्यात. पर ह्या दोघींपासनं समदी लांब का बसल्यात? भांडन झालं का काय?"

"मावशी, त्या दोघीच कामाच्या आहेत," नसीमा म्हणाली. "बाकीच्या पाचजणी तुमच्या डब्यात आहेत."

मग तिने वाळूतून वाढवलेली थाळी शेजारी ठेवली. तिच्यातही दोनच कडी होती, त्यातलं एक अरुंद. मी विचारलं, म्हणजे जंतू वाळूतूनच पायात गेले? तिने मान हलवली. तसं एवढ्यावरून म्हणता येत नाही. वाळूतून पायात आले असतील, किंवा पायात होते तेच डब्यातल्या गोळ्यांनी दांडगे झाले असतील. तारा, खरी शास्त्रज्ञ अशी असते. "माहीत नाही" हे ती न लाजता म्हणते.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्हींपैकी एक औषध, दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ शिरेतून. त्यासाठी इथेच राहायचं. लागू पडलं तर बोट वाचेल. नाही पडलं तर बोट काढायचं, आणि जंतू वर सरकले तर पाऊल. आणि आधी जोडवं कापायचं, कारण त्याने रक्त अडतं आहे.

पाऊल म्हटल्यावर वन्सं राहायला तयार झाल्या. पण जोडव्याला डॉक्टरांचा हात लागू देईनात. "डॉक्टरनी बोट बगावं. जोडवं सोनार बगंल." शेवटी आप्पा पेठेतून एका सोनाराला घेऊन आले. त्या बिचाऱ्याने हॉस्पिटलच्या खाटेशेजारी उकिडवं बसून, फुंकर घालत, बारीक कातरीने जोडवं कापलं. आप्पांनी तुकडे रुमालात बांधून खिशात घातले आणि म्हणाले, "मी जित्ता हाय बरं का. बग." वन्संनी डोळे पुसले आणि त्यांना चहा प्यायला पिटाळलं.

मी नसीमाच्या घरी मुक्काम केला. खोटं कशाला बोलू, मी मनात बिर्याणीची तयारी करून गेले होते. ताटात आली शेपूची भाजी. शेपू ही एकच भाजी मी जन्मात खाल्लेली नाही. नसीमाच्या सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही घरच्यासारख्या, म्हणून घरचंच केलं. बाजरीची भाकरी चालेल ना?" मी शेपू खाल्ली, दोनदा वाढून घेतली. पाहुणचाराला विरोध करणारं औषध अजून निघालेलं नाही.

शनिवार : हॉस्पिटलची खाट

तुमच्याकडे औषध नर्स घेऊन येते. इकडे बहुतेक ठिकाणी नातेवाइकांनी दुकानातून आणून ते खाटेशेजारच्या कपाटात ठेवायचं असतं. मी इंजेक्शनच्या बाटल्या रांगेत लावून ठेवल्या होत्या. पाचव्या दिवशी सकाळी जाऊन बघते तो कपाट रिकामं. नर्स म्हणते मी नाही नेल्या. सुरेखा म्हणते मी नाही पाहिल्या. वन्सं भिंतीकडे बघतायत. आणि त्यांच्या उशाखाली मोराचं शेपूट.

डबा आला होता. आत, शेंगदाण्याच्या चिक्कीखाली, बाटल्या.

"सूज उतरलीय," वन्सं म्हणाल्या. खरंच उतरली होती; वांग्याचा आता कांदा झाला होता. "बरं वाटतंय. हे गाडी घिऊन येत्यात दुपारी. उरल्याल्या बाटल्या आसू द्या घरात. कुनाला लागल्या तर? तुम्हीच म्हनला ना, ह्या दोनच कामाच्या. मंग येवढी कामाची वस्तू मी येकटीनंच संपवायची?"

बघा, केवढा उदार विचार. आणि केवढा चुकीचा. मी तालमीचं पुन्हा सांगितलं, दांडग्यांचं सांगितलं, पावलाचं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही नदीत टाकल्या, मी डब्यात ठिवल्या. मोठी चूक कुनाची?"

मी खाली बसले. यादीत नसलेली गोष्ट मग मी बोलले.

"वन्सं, तुमच्या दादाला शेवटच्या आजारात तीन अँटिबायोटिकं दिली. एकही लागू पडलं नाही. म्हणून तर एवढी उरली. मी जीवशास्त्राची बाई. ती का चालली नाहीत, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो कागदाचा. मी पाकिटं सोलत बसले. तुमच्यावर सातांतली दोन तरी चालतायत. ती अर्धवट सोडून घरी गेलात तर पुढच्या वेळी नसीमाच्या थाळीत एकही कडं दिसणार नाही. तुमच्याही नाही, ज्यांना तुम्ही वाटाल त्यांच्याही नाही."

 त्यांनी डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"चिक्की तेवढी मला द्या," त्या म्हणाल्या.

"साखर वाढलीय तुमची."

"मंग डबाबी देत न्हाई."

अर्धी चिक्की देऊन तह झाला. आप्पा गाडी घेऊन आले ते तसेच परत गेले, जाताना मला म्हणाले, "पन्नास वर्सांत तिनं माझं येक आयकलं न्हाई. तुमचं कसं आयकलं?"

शुक्रवार : डबा

दहा दिवस पुरे झाले. शेवटची बाटली टोचली तेव्हा वन्संनी रिकामी बाटली उजेडात धरून थेंबही उरला नाही ना, ते बघितलं. इतकी नीट तपासणी मीसुद्धा करत नाही.

मग डबा उपडा केला. या गोळ्या ना नदीत, ना उकिरड्यावर. नसीमाने त्या हॉस्पिटलच्या औषधी कचऱ्याबरोबर जाळायला पाठवायचं कबूल केलं होतं. मी रंगाप्रमाणे ढीग करत होते. तळाशी एक पाकीट निघालं, जुनं, न फोडलेलं. पाठीवर माझ्या अक्षरात लिहिलेलं: रात्री, जेवणानंतर, दूध नको.

सहा वर्षांपूर्वी यादीत कमी भरलेलं पाकीट.

"ते न्हाई द्यायची मी," वन्सं म्हणाल्या. "दादाच्या उशाशी व्हतं. तुम्ही पिशवीत भरत व्हता तवा काढलं. खायला न्हाई काही. असंच."

मी नसीमाकडे बघितलं, नसीमाने माझ्याकडे. मग तिने ते पाकीट हातात घेतलं आणि खिडकीशी बसून एक-एक गोळी सोलून काढली. गोळ्या पिशवीत टाकल्या, कागद घडी करून वन्संच्या हातात दिला. आबांची पद्धत, फक्त नदी वगळून.

शनिवार : पुन्हा वडगाव रासाई

घरी परतण्याआधी एक काम बाकी होतं. स्वतः दिलेला धडा परत घ्यायचा होता.

आबा ऐकून नाराज झाले. "म्हंजी समद्या गावांना जे शिकवलं ते आता उलटं शिकवू? लोकं म्हनतील, ह्या म्हाताऱ्याला काय कळतच न्हाई."

"सांगा, त्या पुण्याच्या बाईलाच काही कळत नव्हतं."

हे त्यांना पटलं. फार लवकर पटलं. मी झाकणाचं एक निळं पिंप आणलं होतं, झाकणाला फक्त गोळ्या जातील एवढी फट, आणि सुवाच्य अक्षरात एक पाटी, पूर्णविरामांसह. नसीमा महिन्यातून एकदा वाळू न्यायला येते तेव्हा पिंप रिकामं करणार होती. पाटी कुठे लावू, असं विचारलं तर आबा हसले.

"ताई, दहाव्याला आल्यालं मानूस पाटी वाचतं व्हय? समद्यांचं ध्यान कावळ्याकडं. पिंडाला कावळा शिवस्तवर कोन मान वळवत न्हाई. पिंप तिथंच ठिवा, पिंडाजवळ. आपसूक दिसंल."

तिथेच ठेवलं. आम्ही चार पावलं मागे सरलो नाही तोच एक कावळा झाकणावर येऊन बसला, फटीत डोकावला, आणि माझ्याकडे तिरका बघून उडून गेला. आबा म्हणाले, "मालक बगून गेले."

आता ईशान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. किल्ला करता येईल. चपला घालून, हाताला खरचटलेलं नसेल तर, आणि घरी आल्यावर साबणाने हात धुऊन. वाळू वीतभर खोल खणायची नाही. तारा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: समुद्र नसला तरी आम्ही सेफ नाही. जिवाणूंना समुद्रच लागतो असं नाही, नदीची वाळूही पुरते.

वन्संचं बोट वाचलं. नख गेलं, आणि टोकाला जाणीव नाही. तुटलेलं जोडवं सोनाराने सांधून दिलं. ते आता शेजारच्या बोटात असतं. वाळूत जिवाणू आहेत. सात औषधांपैकी दोन अजून चालतात.